अनंतकाळची शिक्षा : ख्रिस्ती शास्त्रातील नरककल्पनेचा अभ्यास

तिवसा, जि. अमरावती



घरातला देव्हारा एका दिवसात काढता येतो, पण मनात बसलेली भीती एका दिवसात निघत नाही. दीक्षा घेतल्यावर श्राद्धपक्ष बंद होतो, पिंडदान बंद होते. तरीही गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न घरातील वृद्धांच्या मनात राहतोच. अशातच बाजाराच्या दिवशी किंवा एस.टी. स्टँडवर कोणी एखादे पत्रक हातात देतो. येशूवर विश्वास न ठेवणारा माणूस कायमचा अग्नीत पडेल, असे त्यात छापलेले असते. शाळेत जाणारे लेकरू ते वाचून दाखवते आणि आजी विचारते, "मंग तुहा आजा कुठी असन रे बापू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्या आजाला गावाच्या विहिरीवर जाऊ दिले नाही, देवळाची पायरी चढू दिली नाही, शाळेत बसू दिले नाही, तो मेल्यावरही आगीत आहे काय, असे ती बाई विचारत आहे. तिला उत्तर द्यायचे तर आपला स्वतःचा अभ्यास हवा. "ते सर्व खोटे आहे" एवढे म्हणून भागत नाही. म्हणून ख्रिस्ती धर्मग्रंथात नरकाविषयी खरोखर काय सांगितले आहे, त्याचा अर्थ ख्रिस्ती पंडितांनी कसा लावला आणि आपण त्याकडे कसे पाहावे, हे या पाठात क्रमाने पाहू.

१. प्रथम शब्द ओळखा

मराठीत 'नरक' म्हटले की डोळ्यांपुढे यमपुरी उभी राहते. चित्रगुप्ताची वही, उकळत्या तेलाची कढई, करवतीने चिरली जाणारी माणसे! जत्रेत विकली जाणारी अशी चित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ही पुराणांतील कल्पना आहे. मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणले (श्रीरामपूर मिशनने १८११ साली नवा करार मराठीत छापला), तेव्हा त्यांना लोकांच्या तोंडी असलेलेच शब्द घ्यावे लागले. त्यामुळे मराठी बायबलातील 'नरक' हा शब्द वाचताना वाचकाच्या मनात पुराणातील चित्र आपोआप शिरते. मूळ ग्रंथात मात्र एकच शब्द नाही.

ज्यू लोकांच्या हिब्रू ग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्यात, 'शिओल' हा शब्द येतो. मराठीत त्याला 'अधोलोक' म्हटले आहे. तेथे सज्जन आणि दुर्जन दोघेही जातात. तेथे शिक्षा नाही आणि सुखही नाही. नुसती अंधारी शांतता आहे. उपदेशक या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात तर तेथे काम, विचार किंवा ज्ञान काहीच नसते, असा आशय आहे. नव्या कराराची भाषा ग्रीक असल्याने या जागी 'हेडीस' हा शब्द येतो.

दुसरा शब्द 'गेहेन्ना'. येशूच्या तोंडी प्रामुख्याने हाच शब्द आहे. यरुशलेम शहराच्या दक्षिणेला हिन्नोमाचे खोरे आहे, त्यावरून तो आला. त्या खोऱ्यात पूर्वी देवतेपुढे पोटची मुले जाळली जात. यिर्मया या संदेष्ट्याने त्या प्रकाराचा कडक निषेध केला आणि योशीया राजाने ती जागा विटाळून बंद पाडली. म्हणजे हा मुळात पृथ्वीवरील एका खऱ्या जागेचा शब्द आहे. माणसाच्या क्रूरपणाने बदनाम झालेल्या त्या जागेचे नाव पुढे शिक्षेच्या जागेला मिळाले.

तिसरी कल्पना 'अग्नीच्या सरोवराची'. ती बायबलाच्या अगदी शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणात आहे.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. मेल्यानंतर काही जण सार्वकालिक जीवनासाठी आणि काही जण कायमच्या अप्रतिष्ठेसाठी उठतील, ही गोष्ट जुन्या करारात स्पष्टपणे दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येते. हा ग्रंथ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अँटायोकस राजाच्या छळाच्या काळात पूर्ण झाला, असे बहुतेक संशोधक मानतात. धर्माला चिकटून राहणारी माणसे मारली जात होती आणि मारणारे सिंहासनावर बसले होते. मग न्याय कधी होणार? या प्रश्नातून परलोकीच्या शिक्षेची कल्पना पक्की झाली. म्हणजे तिच्या मुळाशी केवळ पुरोहिताचा धाक नव्हता, पिचलेल्या माणसाचा आक्रोशही होता.

२. शास्त्रातील तीन मुख्य उतारे

पहिला उतारा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. न्यायाच्या दिवशी राजा लोकांची दोन भागांत विभागणी करतो, जसा मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो. कसोटी कोणती? भुकेल्याला अन्न दिले काय, तहानेल्याला पाणी दिले काय, परक्याला घरात घेतले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस केली काय. ज्यांनी हे केले नाही त्यांच्यासाठी मराठी बायबलात 'सार्वकालिक शिक्षा' हे शब्द आहेत.

दुसरा उतारा लूकाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाचा आणि लाजराचा दृष्टांत. श्रीमंत रोज मेजवान्या झोडतो. लाजर नावाचा भिकारी अंगभर फोड घेऊन त्याच्या दाराशी पडलेला असतो. कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. दोघेही मरतात. लाजराला अब्राहामाजवळ विसावा मिळतो. श्रीमंत अधोलोकात ज्वाळांमध्ये पडतो. तेथून तो विनवणी करतो, की लाजराला पाठवा, त्याने बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी. उत्तर मिळते, की मध्ये मोठी दरी आहे. इकडून तिकडे कोणाला जाता येत नाही.

तिसरा उतारा प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात आहे. मेलेल्यांचा न्याय त्यांच्या कृत्यांप्रमाणे होतो, आणि जीवनाच्या पुस्तकात ज्यांचे नाव सापडत नाही ते अग्नीच्या सरोवरात टाकले जातात.

पहिले दोन उतारे आपल्या माणसांनी दोनदा वाचावेत. त्यांत गुन्हा कोणता सांगितला आहे? तहानेल्याला पाणी दिले नाही, हा गुन्हा. दाराशी पडलेल्या माणसाला माणूस मानले नाही, हा गुन्हा. ज्यांच्या पूर्वजांना गावोगाव ओंजळीत वरून पाणी ओतून घ्यावे लागले, त्यांना या दृष्टांतातील मर्म कोणी समजावून सांगायला नको. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याच्याच बोटाचे पाणी शेवटी जिभेवर मागण्याची वेळ आली! या गोष्टीने जगभरच्या दीनदुबळ्यांना दिलासा दिला आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु येथेच आपला प्रश्न सुरू होतो. लाजराला न्याय मिळाला तो मेल्यानंतर. जिवंतपणी तो दाराबाहेरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते पाणी न देणाऱ्यांना मेल्यावर शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर जिवंत माणसाला या जन्मीच त्या पाण्याचा हक्क मिळावा म्हणून. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, तोही याच जगातल्या दारासाठी.

३. ख्रिस्ती पंडितांत एकमत नाही

पत्रकात जे छापलेले असते तेच सर्व ख्रिस्ती लोकांचे मत, असे समजू नये. या विषयावर त्यांच्यात पहिल्या काही शतकांपासून तीन मते आहेत.

पहिले मत म्हणजे शिक्षा खरोखरच अखंड आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात हे मत जोराने मांडले. एकाच वाक्यात नीतिमानांचे जीवन आणि दुष्टांची शिक्षा या दोहोंना 'सार्वकालिक' म्हटले आहे. मग एक कायम आणि दुसरी तात्पुरती कशी, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे पश्चिमेच्या चर्चमध्ये हेच मत प्रभावी ठरले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने चर्चबाहेर मरणारे सर्व जण सार्वकालिक अग्नीत जातील, असे जाहीर केले.

दुसरे मत म्हणजे दुष्टांचा शेवटी नाश होतो. ते कायम जळत राहत नाहीत. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आत्मा आणि शरीर या दोहोंचा नाश करण्याची भाषा आहे, तिचा हे लोक आधार घेतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ, ज्याचे पुण्यात स्पायसर हे विद्यापीठ आहे, याच मताचा आहे.

तिसरे मत म्हणजे शिक्षा शुद्धीसाठी असते आणि अखेर सर्वांचा उद्धार होतो. तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने हा विचार मांडला. आदामात जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तात सर्व जिवंत होतील, या आशयाचे पौलाचे विधान करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते या मताला पोषक समजले जाते. ओरिजेनच्या नावाने चालणाऱ्या मतांचा सहाव्या शतकात धिक्कार झाला, तरी हा विचार पूर्णपणे मेला नाही.

वाद पुष्कळसा एका ग्रीक विशेषणाभोवती आहे. 'सार्वकालिक' यासाठी मुळात जो शब्द आहे तो 'युग' या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. त्याचा अर्थ 'न संपणारे' की 'येणाऱ्या युगाचे'? लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक फ्रेडरिक मॉरिस यांनी 'सार्वकालिक' म्हणजे काळाची अमर्याद लांबी नव्हे असे लिहिले, म्हणून १८५३ साली त्यांना प्राध्यापकपद गमवावे लागले. विशेषणाच्या अर्थावरून माणसाची नोकरी गेली, इतकी या भीतीची पकड होती.

आता ती पकड सैल झालेली दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मान्य केले, की स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सदसद्विवेकाने वागले, त्यांनाही तारण मिळू शकते. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक ही एखादी जागा असण्यापेक्षा ईश्वरापासून स्वतःहून दुरावल्याची अवस्था आहे, असे सांगितले. म्हणजे आजीच्या प्रश्नाला १४४२ सालचे उत्तर एक आहे आणि १९६४ सालचे दुसरे.

४. जपानी बौद्धांचा प्रश्न

हाच प्रश्न पावणेपाचशे वर्षांपूर्वी बौद्ध देशातील माणसांनी विचारला होता, आणि तो ज्याला विचारला त्याचे शव आज जुन्या गोव्यात बॉम जेजू चर्चमध्ये आहे. फ्रान्सिस झेव्हियर हा जेझुइट पाद्री १५४२ साली गोव्यात आला आणि १५४९ साली जपानला पोहोचला. तेथील अनुभव त्याने जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातील आपल्या सोबत्यांना कळविला.

तो लिहितो त्याचा सारांश असा : यामागुची येथील लोकांना मोठी शंका होती. ईश्वर जर परम दयाळू आहे तर त्याने इतकी शतके आम्हाला स्वतःची ओळख का दिली नाही? आमच्या पूर्वजांवर त्याने दया का केली नाही? झेव्हियरने उत्तर दिले, की हत्या, चोरी ही पापे आहेत हे ज्ञान ईश्वराने प्रत्येक माणसाच्या मनात आधीच घातलेले असते. हे ऐकून पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर त्यांचे दुःख सुरू झाले. गेलेले आईबाप, बायका, मुले यांना प्रार्थनेने किंवा दानधर्माने नरकातून सोडविता येईल काय, असे ते विचारू लागले. झेव्हियरने सांगितले, काहीही उपाय नाही. ते रडत राहिले. आपल्या प्रिय मित्रांना अशा गोष्टीसाठी रडताना पाहून मलाही दुःख होते, असेही त्याने लिहिले आहे.

झेव्हियर क्रूर नव्हता, हे त्याच्या पत्रातूनच दिसते. त्याची शिकवण मात्र अशी होती, की तिच्यापुढे त्याची स्वतःची करुणाही हतबल झाली.

असाच विचार चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाच्या मनात आला. आपले वडील, भाऊ आणि जवळचे बहुतेक मित्र अश्रद्ध होते. ही शिकवण खरी मानली तर ते सर्व कायमच्या शिक्षेस पात्र ठरतात, म्हणून ती धिक्कारण्यासारखी आहे, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले. १८८७ साली ते पुस्तक निघाले तेव्हा घरच्यांनी हा भाग गाळला होता. त्याच्या नातीने १९५८ साली तो परत छापला.

५. शिक्षेची कसोटी

आता आपण स्वतः विचार करू. कोणत्याही शिक्षेला तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला : शिक्षा गुन्ह्याच्या मापाची आहे काय? माणसाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे. त्याने कितीही वाईट केले तरी त्याला सीमा आहे. ज्या शिक्षेला शेवटच नाही ती कोणत्या मापाने बरोबर बसते?

दुसरा : शिक्षेने माणूस सुधारतो काय? बाप मुलाला रागावतो तो मुलगा शहाणा व्हावा म्हणून. शिक्षा संपणारच नसेल, तर शहाणा होऊन तो करील काय?

तिसरा : गुन्हा कृतीचा आहे की नुसत्या न मानण्याचा? येथे ख्रिस्ती शास्त्रात दोन प्रवाह दिसतात. मत्तयाच्या उताऱ्यात कसोटी कृतीची आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र पुत्रावरील विश्वासाला निर्णायक महत्त्व आहे. पत्रकात बहुधा दुसरा प्रवाहच छापलेला असतो. पत्रक देणाऱ्याला आपण नम्रपणे विचारावे, की भाऊ, तहानेल्याला पाणी देणारा पण तुमच्या देवाला न मानणारा माणूस मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे कोणत्या बाजूला उभा राहील?

६. आपल्याही घरात पाहावे

दुसऱ्याच्या घरातील जळमटे दाखविताना आपले घर झाडलेले असावे. पाली ग्रंथांतही नरकाची वर्णने आहेत, ही गोष्ट लपवू नये. मज्झिम निकायातील देवदूत सुत्तात यमराजाचे प्रश्न आणि भयंकर यातना आल्या आहेत. पण दोन भेद लक्षात ठेवावेत. तेथेही यातना पापकर्माचा परिणाम संपेपर्यंतच असतात. त्या अनंत नाहीत. आणि यमराजाचा प्रश्न असा आहे, की तुला तान्हे बाळ, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा आणि मृत माणूस दिसला नाही काय? ते पाहून चांगले वागण्याचे तुला का सुचले नाही? म्हणजे त्या कथेचाही रोख जगातले दुःख डोळे उघडून पाहण्याकडे आहे.

संयुत्त निकायात तर याहून महत्त्वाची गोष्ट आहे. समुद्राखाली पाताळ आहे असे अज्ञानी लोक म्हणतात, पण शरीराला होणाऱ्या दुःखद वेदनांचेच नाव पाताळ आहे, असा तेथे तथागतांचा उपदेश आहे. अंगुलिमालाने कितीतरी माणसे मारली होती. तथागतांनी त्याला कायमच्या अग्नीत टाकले नाही, त्याला बदलले. भिक्षू झाल्यावर लोकांनी त्याला दगडांनी रक्तबंबाळ केले, तेव्हा आपल्या कर्माचे फळ येथेच भोगत आहेस, सहन कर, असे त्याला सांगितले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले, की तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत. ज्याच्या हाती मोक्षाची किल्ली नाही, त्याच्या हाती नरकाचे कुलूपही नाही. म्हणून आपल्यापैकी कोणी लेकरांना "असे वागलास तर नरकात जाशील" म्हणून भिववीत असेल, तर ती सवय सोडावी. "असे वागलास तर कोणाला दुःख होईल ते पाहा", असे म्हणावे.

७. शेजाऱ्याशी वागणूक

वऱ्हाडात ख्रिस्ती मिशनचे काम जुने आहे. अकोला, अमरावती, खामगाव या भागांत अलायन्स मिशनच्या मंडळ्या आहेत. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय उभे राहिले. ज्यांना घरच्यांनी टाकले त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या. अशा कामामागे मत्तयाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायाची शिकवण आहे. म्हणून शिक्षेच्या कल्पनेवर टीका करताना सेवेचा आदर सोडू नये. ख्रिस्ती शेजाऱ्याची थट्टा करू नये, त्याचे पत्रक त्याच्यासमोर फाडू नये. वाचावे, समजून घ्यावे आणि शांतपणे प्रश्न विचारावा.

आणि आजीला काय सांगावे? तिला सांगावे, की आजाच्या वाट्याला जी आग आली ती जिवंतपणी आली. उन्हात राबताना आली, पाणी मागताना आली, अपमान गिळताना आली. ती माणसांनी लावलेली आग होती. आता त्याला भ्यायचे कारण नाही आणि त्याच्यासाठी आपल्यालाही भ्यायचे कारण नाही. आपल्या हातात एवढेच आहे, की तशी आग दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आपल्यामुळे येऊ नये. आपल्या दाराशी उन्हाळ्यात कोणीही तहानेला आला, कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा, तरी त्याला पाणी मिळाले पाहिजे.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१) अधोलोक, गेहेन्ना आणि अग्नीचे सरोवर यांतील फरक सांगा.
२) लाजराच्या दृष्टांतात श्रीमंताचा अपराध कोणता? आपल्या गावात आज तसा अपराध कोठे घडतो?
३) जपानी लोकांच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले असते?
४) भीती न दाखविता लहान मुलाला चांगले वागायला कसे शिकवाल? घरातील एक उदाहरण घेऊन सांगा.

जयभीम.